अढीची खोली

११ जून २०२४, मुंबई

ही वही ज्ञानेश्वरी मॅडमनी दिली. हॉस्पिटलात फुप्फुसं बदलायच्या पेशंटांचं सगळं त्या बघतात. तपासण्या, यादी, कोणाला कधी बोलवायचं. म्हणाल्या, "राजश्रीताई, रोज ऑक्सिजन किती, वजन किती, किती चाललात ते लिहा. मनात येईल तेही लिहा, बरं वाटतं." माझ्या मनात येतं ते सगळं लिहिलं तर वही जप्त होईल.

तर लिहिते. नळी लावून ऑक्सिजन ९०, काढून ७९. वजन त्रेचाळीस. चालणं: लिफ्टपासून खुर्चीपर्यंत, मध्ये एकदा थांबून. वय अठ्ठेचाळीस, पण लिफ्टवाला म्हणाला, "आजी, सावकाश." आजी असेल तुझी!

मोठ्या डॉक्टरांनी आज पोलिसासारखी चौकशी केली. कबुतरं पाळलीत? कोंबड्या? पोपट? घरात ओल? कूलर? गवत-चाऱ्याची धूळ? मी म्हटलं, "डॉक्टर, गुरं विकून अठरा वर्षं झाली. आमची रत्नागिरीजवळ गोळपला हापूसची कलमं आहेत. मी आंबेवाली, गोठ्यातली नाही." मग ह्यांना आठवलं की सात वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात मी दहा महिने भावाकडे मुंबईला होते आणि त्याच्या गॅलरीत कबुतरांचा उकिरडा होता. डॉक्टरांनी मान हलवली. "शक्य आहे. पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. फुप्फुसं आतून वाळून कडक होतात." त्यांनी लिहून घेतलं: कबुतरं, बहुधा.

म्हणजे इतकी वर्षं मी नशिबाला शिव्या घालत होते आणि चोर निघाली कबुतरं.

१३ जून

आज आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. छाती ह्या काखेपासून त्या काखेपर्यंत आडवी उघडणार. दोन्ही फुप्फुसं काढून दुसऱ्याची बसवणार. आठ-दहा तास. नंतर तोंडात नळी आणि मशीन, दोन दिवस की दोन आठवडे ते आत्ता सांगता येत नाही. मग जन्मभर गोळ्या, सकाळी आठ आणि रात्री आठ, घड्याळ लावून. शरीर परक्या फुप्फुसांना हाकलायला बघतं, त्याला गोळ्यांनी गप्प बसवायचं. आणि ते गप्प बसलं की जंतूंना, बुरशीला दार उघडं.

हे म्हणाले, "पण बरी होईल ना?"

"एक आजार देऊन दुसरा घ्यायचा, असं समजा," डॉक्टर म्हणाले. "हा दुसरा सांभाळता येतो. पाच-सहा वर्षांनी शंभरातली पन्नास माणसं असतात."

"आणि नाही बदललं तर?"

"वर्ष. कमीच."

मला डॉक्टर आवडले. गोड बोलणाऱ्यांचा मला वीट आलाय. खाली कँटीनमध्ये ह्यांनी हिशेब मांडला: पाच वर्षं म्हणजे लेकीचं, वेदिकाचं लग्न, बाळंतपण. मी म्हटलं, पाच वर्षं म्हणजे आंब्याचे पाच हंगाम. चहा तसाच राहिला. खर्चाचं काय केलंय ते हे मला सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

३ जुलै

दात तपासले, हाडं तपासली, हृदयात मांडीतून नळी घातली, मानसोपचारवाल्या बाईंनी विचारलं की तुम्हाला जगावंसं वाटतं का. म्हटलं, तुम्हाला नाही वाटत? नाव यादीत लागलं.

आता हॉस्पिटलपासून तासाभराच्या आत राहायचं. फोन आला की निघायचं. रत्नागिरीहून यायला आठ तास, तोवर फुप्फुसं थांबत नाहीत. म्हणून हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतलीय. मी, हे आणि ऑक्सिजनचं मशीन. वेदिका गोळपला एकटी. पोरीने रत्नागिरीतली बँकेतली नोकरी सोडली, माझ्यासाठी नव्हे म्हणते, कलमांसाठी. तेवीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा हट्टी.

खोलीच्या खिडकीत पहिल्याच दिवशी दोन कबुतरं. ह्यांनी जाळी लावली. समोरच्या म्हातारबुवांनी गच्चीत दाणे टाकले तेव्हा मी मशीनची नळी ओढत खिडकीशी गेले आणि ओरडायला तोंड उघडलं, पण श्वास पुरला नाही. हातवारे केले. त्यांना वाटलं नमस्कार करते. त्यांनीही केला.

२९ जुलै

ऑक्सिजन ८८, मशीन आता पाचवर. सहा मिनिटांत एकशे चाळीस मीटर चालले.

वेदिकाने फोनवर अढीची, आंबा पिकवायची खोली दाखवली. झाडून लख्ख केलीय. परसदारची ती खोली, एक दार, खिडकी नाही, ऊब राहायला हवी म्हणून. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबा, परत पेंढा, परत आंबा. लग्न झाल्यावर पहिल्याच मे महिन्यात सासूबाईंनी मला तिथे नेलं, दिवा घालवला आणि म्हणाल्या, "डोल्यांनी बघू नको गो. नाकान बघ." कमळा त्यांचं नाव. तोंडाने फाटक्या, पण कुठल्या थरात आंबा तयार आहे ते दारातून सांगायच्या. मला शिकायला चार हंगाम लागले. हंगामात आम्हा दोघींना खोकला यायचा, आम्ही त्याला आंब्याचा खोकला म्हणायचो. जून आला की जायचा. त्या पुढे दम्यानेच गेल्या.

आता नाकात ही नळी. दीड वर्षात मला कसलाच वास नाही. भाताचा नाही, फोडणीचा नाही. गेले दोन हंगाम अढीतही नुसत्या हाताने चाचपून भागवलं. वेदिका म्हणाली, "आई, बरी होऊन ये, मला शिकव. मला येत नाही." ह्या वाक्यावर मी आठवडा काढीन.

१२ ऑगस्ट

काल दुपारी फोन आला. धावपळ. अंगावरचे केस काढले, रक्त घेतलं, हिरवा गाऊन घातला. पाच तास बसवलं. मग ज्ञानेश्वरी मॅडम आल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. फुप्फुसं तपासली, चांगली निघाली नाहीत. म्हणाल्या, असं दोनदा-तीनदा होतं.

परत येताना रिक्षात हे रडले. मी नाही. रडायला श्वास लागतो.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. वेदिकाने एकटीने पूजा केली, मोदक फुटले म्हणाली.

इथे खाली रस्त्यावर मोटारसायकलींची झुंड, डोक्यावर टोप नाही. मी खिडकीतून बघत होते आणि मनात आलं, ह्यातला एखादा... पुढचं लिहीत नाही. माझी मलाच शिसारी आली. देवाकडे काय मागायचं तेही कळेना. माझं मागणं म्हणजे कोणाच्या तरी घरावर वीज. शेवटी नुसते हात जोडले.

ऑक्सिजन ८५. मशीन आठवर.

१९ सप्टेंबर

दुपारी दोन वाजता फोन. आत्ता साडेसहा. फुप्फुसं चांगली आहेत. आत नेणार आहेत. वेदिका निघालीय, पोचायची नाही. हे हात सोडत नाहीत. वेदिका, लोणच्याच्या बरणीवरचं तेल बघ. हे काय लिहितेय मी!

२ ऑक्टोबर

आहे.

६ ऑक्टोबर

अक्षर असं येतंय कारण गोळ्यांनी हात कापतात. चार दिवस तोंडात नळी होती. छातीत चार नळ्या, त्यातल्या दोन अजून आहेत. कोणीतरी छातीवरून ट्रक नेल्यासारखं दुखतं. मधले काही दिवस मला भास होत होते. सासूबाई कॉटच्या पायथ्याशी बसून आंबे निवडत होत्या आणि मी नर्सला सांगत होते की त्यांना चप्पल काढायला लावा.

पण श्वास! आत जातो. अडत नाही, ओढावा लागत नाही, नुसता जातो आणि येतो. मी मोजत बसते. ऑक्सिजन ९८, मशीन न लावता. नाकात नळी नाही. आज नर्सने डेटॉलने हात धुतले आणि मला डेटॉलचा वास आला. मी रडले. ती घाबरली, म्हणाली, दुखतंय का? म्हटलं, बाई, तो हात परत एकदा नाकाजवळ आण.

१५ ऑक्टोबर

ज्ञानेश्वरी मॅडमची शाळा. बाहेर मास्क. गर्दी नाही. माती, खत, ओल, बांधकामाची धूळ नाही. पक्षी नाहीत. कच्चं काही नाही. पपनस तर अजिबात नाही, गोळ्यांचं वाटोळं करतं. रोज सकाळी एका छोट्या यंत्रात फुंकायचं. आकडा दहा टक्क्यांनी खाली आला आणि दोन दिवस तसाच राहिला तर लगेच फोन, मग सण असो की लग्न.

आणि एक: खोकला आठवणीने काढायचा. फुप्फुसं कापून जोडताना त्यांच्या नसा जोडता येत नाहीत. त्यामुळे आत कफ साचला, धूळ गेली, तरी ती कळवत नाहीत. ढास लागणार नाही. म्हणून मुद्दाम, दिवसातून चार वेळा, उशी छातीशी धरून खोकायचं. पंचवीस वर्षं खोकले तेव्हा थांबव म्हणत होते, आता खोक म्हणतात.

ज्याची आहेत त्याचं नाव सांगत नाहीत. तरुण होता, एवढंच एका वॉर्डबॉयच्या तोंडून गेलं. मी रोज रात्री आठची गोळी घेताना त्याच्या आईला मनात नमस्कार करते. ती स्वीकारत असेल असं मला वाटत नाही. मी तिच्या जागी असते तर स्वीकारला नसता.

२८ डिसेंबर, गोळप

घरी!

तीन महिने मुंबईत ठेवलं, फुप्फुसातून चिमटे काढून तपासले, मग सोडलं. ह्यांनी घर धुऊन काढलंय. कुंड्या हलवल्या. शेजारच्यांची कोंबडी अंगणात आली तर हे काठी घेऊन धावतात. कोणी भेटायला आलं तर पडवीतच, मास्क लावून, चपला पायरीखाली. पपनस घेऊन आलेल्या चुलतसासूला मी पायरीवरूनच परत पाठवलं, ती आता वर्षभर बोलणार नाही, बरंच झालं.

संध्याकाळी खिडकी उघडली, मास्क जरा खाली ओढला. मोहोराचा वास. सगळ्या कलमांचा. मी तिथेच उभी राहिले. वेदिका म्हणाली, "आई, मास्क." म्हटलं, हो गो, हो.

१८ फेब्रुवारी २०२५

फुंकणं २.०८. वजन एक्कावन्न. चेहरा गोळ्यांनी भोपळा झालाय आणि ओठांवर मिशा. हे म्हणतात, दोघं भाऊ-भाऊ दिसतो. पाखाडीच्या सगळ्या दगडी पायऱ्या न थांबता चढले. वर जाऊन खाली ह्यांच्याकडे बघितलं तर हेच धापा टाकत होते. मी इतकी हसले की टाक्यांची जागा ओढली गेली. किती वर्षांनी मी कोणासाठी तरी थांबले.

२६ मार्च

मुंबईची फेरी. सगळं छान. सहा महिने झाले म्हणून बुरशीवरची गोळी बंद केली. डॉक्टर म्हणाले, आता काळजी तुमच्याच हातात. म्हटलं, काळजीत माझा हात कोणी धरणार नाही. जुन्या खोलीसमोरच्या म्हातारबुवांची गच्ची बघून आले. अजून दाणे टाकतायत. ह्या खेपेला श्वास होता. पोटभर ओरडले. कबुतरांनी माणूस मरतो, माहितेय का तुम्हाला, म्हटलं. बिचारे आत पळाले.

९ एप्रिल

वेदिकाची पहिली अढी फसली. चिपळूणच्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन, चाळीस पेट्यांत निम्मे आंबे कच्चे, निम्मे काळे पडलेले. तीस वर्षं आमच्याकडून आंबा नेतो तो माणूस. रागावला नाही, नुसतं म्हणाला, "वहिनी नाहीत वाटतं हल्ली." वेदिका न जेवता झोपली. उद्या सोडून देते म्हणाली, बँकेत परत घेतील म्हणाली.

मी पडवीत स्वच्छ बसलेय. उकळलेलं पाणी पिते. मला दोन फुप्फुसं दिली ती कशासाठी दिली कळत नाही.

११ एप्रिल

गेले अढीत. हे कलमांवर होते, आंब्याची उतरवणी चालू होती. आमचा गडी बाबल्या पेंढ्याचे नवे भारे टाकून गेला होता. वेदिका दारात आडवी आली. "आई, डॉक्टरांनी धूळ नको सांगितलंय."

"ही धूळ नाही, अढी आहे. सिमेंट आहे का हे? कबुतरं आहेत?"

"मास्क तरी..."

मास्क लावून गेले. खरंच लावला होता. पण मास्कातून कसली अढी कळणार? सगळं एकच, कापडाचा वास. वेदिकाने वरचा पेंढा उचलला. मी मास्क खाली केला. दहा मिनिटं, जास्त नाही.

काय सांगू. तोच उबारा. कोपऱ्यात अजून आंबट, मधल्या थरात गोड व्हायला लागलेला, दाराकडचा आजच काढायला हवा. दिवा घालवायला लावला. तिचं नाक धरून, हो, नाक धरून तिला थरागणिक वाकवलं. "इथे बघ. आता इथे. फरक कळला?" तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "दाराकडचा, आई?" मी तिचा मुका घेतला, मास्क नव्हताच.

आणि गंमत म्हणजे ढास लागली नाही! पूर्वी पेंढा हलवला की पाचव्या मिनिटाला मी बाहेर. आज काही नाही. नवी फुप्फुसं गुणाची आहेत. भलत्या चिंता करत होतो आम्ही.

ह्यांना सांगायचं नाही असं ठरलंय आमच्या दोघींचं.

१७ एप्रिल

रोज सकाळी अर्धा तास. २.०९. बघा!

चिपळूणवाल्याला दुसऱ्या पेट्या पाठवल्या. त्याचा फोन आला, "वहिनी आल्या वाटतं." वेदिका नाचली अंगणात.

२८ एप्रिल

आज वेदिकाने दारातून सांगितलं, मधला थर, उजवी बाजू. बरोबर होतं. अगदी सासूबाईंचं नाक. मी तेवढ्याला हात लावून बघितला, नुसता देखावा म्हणून.

जरा खोकते पोरगी. संध्याकाळी अंग मोडून येतं म्हणते. मी म्हटलं, आंब्याचा खोकला आहे, जूनला जातो.

६ मे

१.९६. उकडतंय फार. नीट फुंकलं नसेल.

९ मे

१.८५. हात कापतात, यंत्र दातांत नीट बसत नाही. परत फुंकलं, १.८४.

दोन दिवस दहा टक्के खाली असेल तर फोन करायचा. १.८७ ची रेघ आहे, म्हणजे खाली आहे. उद्या बघू. फोन केला की मुंबईला बोलावणार आणि आठ दिवस ठेवणार. आणि शेवटच्या दोन अढ्या भरून पडल्यायत. आंबा कोणासाठी थांबत नाही.

११ मे

१.७८. यंत्राचे सेल बदलले.

१३ मे

ह्यांनी यंत्र हातातून घेतलं आणि मागचे आकडे बघितले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मला हे कधी ओरडले नव्हते. "आठ दिवस? राजश्री, आठ दिवस तू बघत बसलीस?" मग त्यांनीच ज्ञानेश्वरी मॅडमना फोन लावला. थर्मामीटर लावला तर १०१. मला ताप कळलाही नव्हता.

१६ मे, मुंबई

परत मशीन. परत नाकात नळी. वास गेला.

२० मे

बुरशी आहे. दोन्ही फुप्फुसांत. शिरेतून औषध चालू, त्याने थंडी भरून येते. मला काचेच्या खोलीत ठेवलंय, आत येणारा प्रत्येकजण झाकलेला. डॉक्टर म्हणाले, ही हवेतून येते, पुष्कळ प्रमाणात श्वासात गेलेली दिसते. घरी बांधकाम? माती उकरली? खत? ओल?

ह्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं, कुंड्या हलवल्या, कोंबड्या हाकलल्या, पाणी उकळलं, भिंती धुतल्या. "तिने एक नियम मोडला नाही, डॉक्टर." मी छताकडे बघत होते. अढीचं मनात आलं, नाही असं नाही. पण आंब्याने काय होणार? आणि ह्यांच्यासमोर कसं बोलू?

२३ मे

आजचं नीट लिहायला हवं. थांबत थांबत लिहिते.

वेदिका आली होती. दारापाशी उभी, मास्क लावून. डॉक्टर मला तपासत होते. ती खोकली. परत खोकली. कोरडा, खोल. डॉक्टरांनी मान वळवली.

"किती दिवस आहे हा खोकला?"

"काही नाही, डॉक्टर. आंब्याचा खोकला आहे. आईलाही यायचा, आजीलाही यायचा. जूनला जातो."

माझंच वाक्य. माझ्याच सुरात.

"आंब्याचा खोकला म्हणजे काय?" डॉक्टरांनी विचारलं. तिला की मला ते कळलं नाही. वेदिकाने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, आईचं गुपित आहे, आईने सांगायचं. आणि मला त्या खोलीतला वास आठवला, ऊब, अंधार, पेंढा उचलल्यावर दिव्यात दिसायचा तो धुरळा, पांढरा. पेंढ्याच्या खालच्या थराला येते ती पांढरी बुरशी. आम्ही ती हाताने झटकायचो. सासूबाईंनी झटकली, मी झटकली. एप्रिल-मे, एप्रिल-मे. सासूबाईंचा दमा. माझा खोकला. आणि भावाच्या गॅलरीतली ती कबुतरं, ज्यांनी माझं काहीही केलेलं नव्हतं.

मी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि सांगितलं. पेंढा. बंद खोली. पंचवीस हंगाम. आणि हा सव्विसावा, ह्या फुप्फुसांनी. मास्क काढून. हे समोर उभे होते, त्यांच्याकडे मी बघितलं नाही.

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाले, "हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं तुम्ही." आणि लगेच, "नाही. मीच विचारायला हवं होतं, आंबा पिकवता कसा म्हणून."

पहिली फुप्फुसं पेंढ्याने गेली आणि दुसरीही. त्या पोराच्या आईला मी आता कुठल्या तोंडाने नमस्कार करू?

२६ मे

वेदिकाचा स्कॅन झाला. मी कोणाला झोपू दिलं नाही, तीन वेळा विचारायला पाठवलं. सुरुवात आहे. डाग पुसट आहेत. डॉक्टर म्हणाले, त्या खोलीत परत पाऊल टाकलं नाही तर फुप्फुसं भरून येतील. टाकलं तर दहा-पंधरा वर्षांत ह्याच कॉटवर. असंच म्हणाले, गोड न करता. मी त्यांचे हात धरले. हातमोज्यांतले.

हे काचेपलीकडे बसतात दिवसभर. रागावलेले नाहीत. रागावले असते तर बरं होतं.

१ जून

परत बदलता येणार नाहीत. विचारलं मी. शरीरात बुरशी असताना नाही. ऑक्सिजन ८३, पूर्ण मशीनवर.

४ जून

उद्या तोंडात नळी घालणार आहेत. ज्ञानेश्वरी मॅडम म्हणाल्या, मागच्या वेळी चार दिवसांत निघाली होती ना. ह्या वेळी त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं नाही.

वेदिका, ही वही तुलाच मिळणार, म्हणून तुलाच लिहिते. अक्षर लागेल तसं वाच.

अढीच्या खोलीत पेंढा पडलाय अजून. तो जाळू नकोस. जाळायची बुद्धी होईल तुला, मला माहितेय, माझी मुलगी आहेस. पण धूर घरात येईल. आधी पाइपने चिंब भिजवायचा, खालपर्यंत, म्हणजे धुरळा उडत नाही. मग बाबल्याला उचलायला सांग. त्याला मास्क दे. तो म्हणेल, मला काय होतंय. ओरड त्याच्यावर, माझ्या नावाने ओरड. बाबांनाही मास्क. ते काम चालू असताना तू गोळपला थांबू नकोस, देवरूखला मैत्रिणीकडे जा. मग त्या खोलीची मागची भिंत फोडून खिडकी काढा. मोठी. दारही काढून टाका.

आंबे क्रेटमध्ये पिकव, मोकळ्या पडवीत. पेंढ्याशिवाय पिकतात म्हणे. रंग तसा येणार नाही, चिपळूणवाला कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि नाक तुझं आहे, ते मी दिलंय, ते कुठे जात नाही. पण ते वापरायला अंधारात जायचं नाही. मी तुला तिथे नाक धरून वाकवलं. तो हात माझा होता. ह्याची माफी मागून काही होत नाही, म्हणून मागत नाही. तू बरी हो, मग बघू.

उद्या ते नऊला नळी घालणार. त्याआधी दारापाशी ये. काचेजवळ ये, अगदी जवळ, आणि एक लांब श्वास घेऊन दाखव. मध्ये खोकला आला तर दाबू नकोस, मी मोजणार आहे.